खत मुळापर्यंत कसे पोचते

टोमॅटोचा पहिला तोडा आठ-दहा दिवसांवर आलेला असतो आणि हिरव्या फळांच्या बुडाशी तपकिरी, मग काळा पडत जाणारा खोलगट डाग दिसू लागतो. जुन्नर-नारायणगावपासून नाशिकपर्यंत टोमॅटो लावणाऱ्या कोणालाही हा डाग परका नाही. तो मुळात रोगाचा नसतो. बुरशी शिरलीच तर नंतर शिरते. फळाच्या त्या टोकाला कॅल्शियम कमी पडले, एवढेच तो सांगतो. पण ज्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत ते झाड उभे असते तिच्यात कॅल्शियमची वानवा नसते. बऱ्याच ठिकाणी विहिरीच्या पाण्यातूनही ते रोज येत असते.

मातीत भरपूर आणि फळात तुटवडा, असे होते कारण कॅल्शियमला झाडात एकच वाट मोकळी असते. मुळांनी ओढलेले पाणी खोडातून वर चढते आणि पानांतून वाफ होऊन बाहेर पडते. त्या पाण्याबरोबरच कॅल्शियम वर जाते. जिथून जास्त पाणी उडते तिथे जास्त कॅल्शियम पोचते. पानांतून पाणी भराभर उडते. टोमॅटोच्या फळाला मात्र मेणचट साल असते, सालीवर पर्णरंध्रे नसतात, त्यामुळे फळाकडे जाणारा हा प्रवाह मुळातच बारीक असतो आणि फळाचे बूड त्या प्रवाहाच्या अगदी शेवटी येते. शिवाय पानात एकदा जाऊन बसलेले कॅल्शियम तिथून उठून फळाकडे येत नाही. साखर पानातून फळात उतरते, पालाश उतरतो, कॅल्शियम जवळपास उतरत नाही.

फळधारणेनंतरचे पहिले दोन आठवडे यात निर्णायक असतात. फळातल्या पेशी तेव्हा झपाट्याने वाढत असतात आणि पेशींच्या भिंती बांधायला कॅल्शियम लागते. नेमके त्याच दिवसांत दोन दिवस ठिबक बंद राहिले, ऊन तापले, मग एकदम पाटभर पाणी दिले, की प्रवाह तुटतो. डाग दिसतो आठवड्या-दोन आठवड्यांनी, त्यामुळे कारण आणि परिणाम यांची सांगड कोणी घालत नाही. अमोनियाच्या रूपातले नत्र किंवा पालाश अती झाला तरी मुळाशी कॅल्शियमची अडवणूक होते, कारण हे सगळे धनभारित कण आहेत आणि मुळात शिरताना एकमेकांना मागे सारतात. नत्र जास्त होऊन झाड माजले की पानांचा पसारा वाढतो आणि पाण्याचा ओघ पानेच ओढून घेतात.

डाग दिसला की कॅल्शियम नायट्रेटची फवारणी करण्याची पद्धत आहे. पानांवर पडलेल्या फवाऱ्याचा फळाला फारसा लाभ नाही. द्रावण कोवळ्या फळांवरच पडले तर थोडा उपयोग होतो, आणि डाग पडलेले फळ तर सुधारतच नाही. खरा इलाज पाण्यात आहे: रोज थोडे, ठरल्या वेळी, वाफसा न मोडता. मल्चिंग पेपरमुळे हा डाग कमी झाल्याचे शेतकरी सांगतात, त्यामागेही ओलाव्याचे हे सातत्यच आहे.

एका कॅल्शियमवर इतका वेळ घेतला तो यासाठी, की खतांच्या वेळापत्रकात सहसा न सांगितली जाणारी गोष्ट त्यातून स्पष्ट होते. टाकलेले खत आणि पिकाला पोचलेले खत यांत मोठे अंतर असते, आणि प्रत्येक अन्नद्रव्य ते अंतर वेगळ्या रीतीने कापते. मातीत ते कसे चालते आणि झाडात कसे फिरते हे कळले, की ते केव्हा, कुठे आणि कोणत्या रूपात द्यायचे याचे उत्तर बहुतेक वेळा आपोआप मिळते.

पिकाला अत्यावश्यक अशी सतरा मूलद्रव्ये मानली जातात. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन हवापाण्यातून मिळतात. नत्र, स्फुरद, पालाश ही मुख्य. कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक ही दुय्यम. लोह, मंगल, जस्त, तांबे, बोरॉन, मॉलिब्डेनम, क्लोरीन, निकेल ही सूक्ष्म. ‘दुय्यम’ आणि ‘सूक्ष्म’ हे फक्त लागणाऱ्या प्रमाणावरून म्हटले जाते, महत्त्वावरून नव्हे. जे सर्वांत कमी पडते तेच पिकाची मर्यादा ठरवते, हा नियम जर्मनीत कार्ल श्प्रेंगेल आणि त्यांच्यानंतर युस्टुस फॉन लीबिग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडला. जस्त कमी असलेल्या प्लॉटला आणखी दोन गोण्या युरिया दिल्याने माल वाढत नाही, तो या नियमामुळेच.

आता हिशेब. संकरित टोमॅटोसाठी आपल्याकडे हेक्टरी ३०० किलो नत्र, १५० किलो स्फुरद आणि १५० किलो पालाश अशी शिफारस प्रचलित आहे. एकरी ती १२०:६०:६० होते. गोणीवरचे आकडे शेकडा प्रमाण सांगतात. १०:२६:२६ म्हणजे शंभर किलोत १० किलो नत्र, २६ किलो स्फुरद, २६ किलो पालाश. ६० किलो स्फुरदासाठी या खताचे सुमारे २३१ किलो लागतील, म्हणजे पन्नास किलोच्या साडेचार गोण्यांहून थोडे जास्त. त्यातून पालाशही ६० किलो मिळतो आणि २३ किलो नत्र येते. राहिले ९७ किलो नत्र. युरियात ४६ टक्के नत्र असते, तेव्हा ते २११ किलो युरियातून येईल. पंचेचाळीस किलोच्या पावणेपाच गोण्या.

प्रयोगशाळेचा अहवाल आणि गोणी यांची तुलना करताना एक लक्षात ठेवावे. गोणीवरचे स्फुरद आणि पालाश हे ऑक्साइडच्या हिशेबाने छापलेले असतात. अहवालात किंवा परदेशी पुस्तकात शुद्ध फॉस्फरसचा आकडा असेल, तर गोणीवरच्या आकड्याला ०.४४ ने गुणावे, पोटॅशियमसाठी ०.८३ ने. डीएपीच्या एका गोणीतले २३ किलो स्फुरद म्हणजे प्रत्यक्षात दहा किलो फॉस्फरस. हा फरक न पाहिल्याने डोस दुप्पट झाल्याचे प्रकार घडतात.

शिफारस मात्र सरासरी जमिनीसाठी असते. माती परीक्षणात एखादे द्रव्य कमी निघाले तर त्याची मात्रा साधारण पाव हिस्सा वाढवतात, जास्त निघाले तर तेवढीच घटवतात. सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली, उपलब्ध नत्र हेक्टरी २८० किलोच्या खाली, तर जमीन नत्राला कमी. आपल्या बहुतेक बागायती जमिनी याच गटात बसतात. शेणखतही हिशेबात धरावे. चांगल्या कुजलेल्या शेणखतात साधारण अर्धा टक्का नत्र असते, म्हणजे दहा टनांत ५० किलो. पण त्यातला थोडाच भाग पहिल्या हंगामात सुटतो. बाकीचे पुढच्या पिकांना मिळत राहते. शेणखताची खरी किंमत मला नत्राच्या किलोत मोजावीशी वाटत नाही. ओलावा धरणे, मुळांना हवा मिळणे, मातीतले जिवाणू पोसणे ही त्याची कामे कोणतेही रासायनिक खत करत नाही.

स्फुरद मातीत जवळपास जागेवरच बसतो. पाण्याबरोबर तो वाहत नाही. दाण्यापासून काही मिलिमीटर, फार तर एखाद-दोन सेंटिमीटर सरकतो. चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियम त्याला धरून ठेवते, कोकणातल्या तांबड्या जांभ्या जमिनीत लोह आणि ॲल्युमिनियम धरतात. टाकलेल्या स्फुरदापैकी पहिल्या पिकाला सहसा पाचवा हिस्साही मिळत नाही. म्हणून तो वरून फोकणे व्यर्थ. बेड भरतानाच, रोपाच्या मुळाखाली दोन-अडीच इंच, पट्ट्याने द्यावा. शेणखतात मिसळून दिला तर मातीशी त्याचा संपर्क कमी होतो आणि तो अधिक काळ मोकळा राहतो. मुळाने त्याच्यापर्यंत जायचे असते, तो मुळाकडे येत नाही.

डीएपीचा आपल्याकडे फार हट्ट आहे. गोण्या कमी, आकडा मोठा, म्हणून तो समजण्यासारखा आहे. पण चुनखडीच्या जमिनीत सिंगल सुपर फॉस्फेटचा मी आग्रह धरेन. त्याच्या दाण्याभोवतीचे द्रावण आम्लधर्मी असते, डीएपीभोवतीचे काहीसे विम्लधर्मी. शिवाय सुपर फॉस्फेटमधून अकरा-बारा टक्के गंधक मिळते, जे डीएपीत नसते. गोण्या जास्त उचलाव्या लागतात, हे खरेच.

कडाक्याच्या थंडीत कोवळ्या टोमॅटोची पाने खालून जांभळट होतात. स्फुरद कमी पडल्याचीच ती खूण, पण बऱ्याचदा मातीत तो असतो आणि गारठलेले मूळ त्याच्यापर्यंत वाढत नसते. ऊब आली, मूळ चालू लागले की रंग जातो. अशा वेळी आणखी स्फुरद ओतणाऱ्यांच्या जमिनीत तो वर्षानुवर्षे साचतो आणि मग जस्ताच्या उपलब्धतेला अडथळा करतो.

नत्राचे वागणे याच्या अगदी उलट. युरिया पाण्यात लगेच विरघळतो आणि त्या रूपात पाण्याबरोबर मोकळा सरकतो. काही दिवसांत मातीतल्या युरिएज विकरामुळे त्याचा अमोनिया होतो. हे रूपांतर विम्लधर्मी जमिनीच्या पृष्ठभागावर झाले तर अमोनियाचा वायू उडून जातो. म्हणून युरिया उघड्यावर फोकून ठेवू नये, मातीआड करावा किंवा पाण्याबरोबर आत न्यावा. मातीत राहिलेल्या अमोनियमला चिकणमातीचे ऋणभारित कण धरून ठेवतात. पुढे नायट्रोसोमोनास, नायट्रोबॅक्टर यांसारखे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेट स्वतः ऋणभारित, त्यामुळे माती त्याला धरत नाही. पाणी जिकडे, तिकडे ते. पाणी मुळाच्या टप्प्याखाली उतरले की नायट्रेटही उतरते, आणि शेवटी विहिरीच्या पाण्यात सापडते. रान तुंबून राहिले तर जिवाणू त्याचे वायूत रूपांतर करून हवेत सोडतात.

म्हणून नत्र एकदम द्यायचे नसते. लागवडीनंतरचे तीन-चार आठवडे टोमॅटो एकूण नत्राचा अगदी थोडा भाग उचलतो. खरी उचल फुलोऱ्यापासून फळे पोसण्यापर्यंत होते. सुरुवातीलाच नत्र भरले तर प्लॉटला काळोखी येते, शेजारचा कौतुक करतो, आणि फुले मात्र गळतात. ठिबकमधून खत सोडताना आधी थोडा वेळ नुसते पाणी, मधल्या वेळात खत, शेवटी नळ्या धुण्यापुरते पाणी, एवढा क्रम पाळावा. खत सोडून झाल्यावर तीन तास ठिबक चालू ठेवले, तर युरिया आणि नायट्रेट मुळांच्या खाली ढकलले जातात.

पालाश या दोघांच्या मध्ये आहे. चिकणमाती त्याला धरते, पण सोडतेही. आपल्या काळ्या जमिनी बेसाल्ट खडकातून तयार झाल्या आहेत आणि परीक्षणात त्यांत पालाश बहुधा ‘जास्त’ निघतो. त्यावरून पालाश द्यायलाच नको असा निष्कर्ष काढणारे बरेच आहेत. ढोबळमानाने एक टन टोमॅटो, झाडासकट, चार किलोच्या आसपास पालाश उचलतो. एकरी तीस टन माल निघाला तर १२० किलो झाले, आणि शिफारशीतून दिलेले ६० किलो. उरलेले मातीच्या ठेवीतून निघते. ठेव मोठी आहे म्हणून व्याज न पाहता दरवर्षी काढत राहिलो, तर भाजीपाला आणि फळबागेच्या पट्ट्यांत ती उतरणारच. पालाश कमी पडला की जुन्या पानांच्या कडा करपतात आणि फळ सारखे पिकत नाही. देठाजवळचा भाग पिवळा, टणक राहतो. रंग भरण्याच्या काळात ०:०:५० सोडतात ते याचसाठी, मात्र ती मात्रा वाढवत नेली तर वर सांगितलेली कॅल्शियमची अडवणूक सुरू होते.

कोणते द्रव्य कमी आहे ते पानावरून ओळखताना आधी एवढेच पाहावे: खूण खालच्या जुन्या पानांवर आहे की शेंड्याच्या कोवळ्या? नत्र, स्फुरद, पालाश, मॅग्नेशियम झाडात फिरू शकतात. कमी पडले की झाड ते जुन्या पानांतून काढून शेंड्याला देते, म्हणून जुनी पाने आधी बिघडतात. कॅल्शियम, लोह, बोरॉन सहज फिरत नाहीत, गंधक आणि जस्तही फारसे नाहीत. म्हणून त्यांची उणीव शेंड्याला दिसते. शेंडा पिवळा आणि शिरा हिरव्या दिसल्या तर बहुतेक वेळा लोह. चुनखडीच्या रानात फेरस सल्फेट जमिनीतून देणे म्हणजे जवळजवळ वाया घालवणे, कारण ते लगेच अविद्राव्य होते. लोहाचे ईडीटीए चिलेटही सामू साडेसहा-सातच्या वर टिकत नाही. तिथे ईडीडीएचए चिलेट लागते, महाग असले तरी. फवारणीने तात्पुरते भागते. बोरॉनबाबत हात आखडता ठेवावा: कमी आणि अती यांमधले अंतर फार थोडे असते.

विद्राव्य खते मिसळताना कॅल्शियम नायट्रेट एकटेच ठेवावे. ०:५२:३४, १२:६१:० किंवा कोणतेही सल्फेट त्याच टाकीत पडले की साका तयार होतो, ड्रिपर बंद पडतात आणि खत झाडापर्यंत जातच नाही.

पीक बदलले की हीच तत्त्वे वेगळ्या रीतीने लागू होतात. कांद्याची मुळे उथळ आणि विरळ, म्हणून नत्र छोट्या हप्त्यांत; पण लागवडीनंतर दोन महिन्यांनी ते थांबवलेच पाहिजे. उशिरा दिलेल्या नत्राने मान जाड राहते आणि चाळीत कांदा टिकत नाही. कांद्याचा तिखटपणा गंधकाच्या संयुगांतून येतो, तेव्हा गंधक विसरू नये. कोकणातल्या आंब्याला खत बुंध्याशी घालून उपयोग नाही, कारण अन्न घेणारी मुळे बाहेर असतात. फांद्यांच्या विस्ताराच्या खाली गोल चर काढून त्यात द्यायचे.

द्राक्षाचा हिशेब सर्वांत नाजूक, कारण वेल दोनदा छाटली जाते आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर दिसणारा घड खरे तर एप्रिलच्या खरडछाटणीनंतर डोळ्यात घडलेला असतो. त्या घडणीच्या काळात नत्र जास्त आणि पाणी मोकळे असेल तर वेल वाढीत जाते आणि डोळे वांझ राहतात. तेव्हा नत्र आवरून स्फुरदाकडे लक्ष द्यावे लागते. इथे नुसत्या माती परीक्षणावर भागत नाही. मातीत काय आहे ते माती परीक्षण सांगते, वेलीने काय घेतले ते देठ परीक्षण सांगते. खरडछाटणीनंतर सुमारे ४५ दिवसांनी काडीच्या बुडापासूनचे पाचवे पान घेतात. फळछाटणीनंतर फुलोऱ्यात घडासमोरचे. बागेत सगळीकडे फिरून शंभरेक पाने काढावीत, पाते तिथेच खुडून टाकावे आणि फक्त देठ पाठवावेत. मातीत पालाश भरपूर आणि देठात कमी निघाला, तर गोणी आणण्याआधी मुळे, पाणी आणि क्षार तपासायला हवेत.

टोमॅटोचे शेवटचे तोडे संपून तार-काठी निघाली की मातीचा नमुना घेण्याची वेळ येते. नवे खत पडण्याआधी, नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा करून त्याच्या बाजूची माती खरवडून घ्यावी. फळबागेसाठी नमुने तीन फुटांपर्यंत थराथराने वेगळे घ्यावेत. बांध, झाडाची सावली, खताच्या ढिगाची जागा, विहिरीचा काठ टाळावा. सूक्ष्म द्रव्ये तपासायची असतील तर लोखंडी खुरप्याऐवजी लाकडी किंवा प्लॅस्टिकचे साधन वापरावे. सगळी माती एकत्र करून, चार भाग पाडून, समोरासमोरचे दोन ठेवत ठेवत अर्ध्या किलोवर आणावी आणि सावलीत वाळवावी. ठिबकच्या रानात एक काळजी जास्त: खत ड्रिपरखालीच पडलेले असते, म्हणून ड्रिपरखालची आणि दोन बेडमधल्या सरीतली माती कधीच एकत्र करू नये. आधीच्या पिकाला काय, किती आणि केव्हा दिले हे पिशवीसोबतच्या चिठ्ठीवर लिहिले, तर अहवाल वाचणाऱ्याचे निम्मे काम होते.